सावलीचं झाड लावायचंय? मग आधी त्याची मान शोधा

आमच्या गल्लीत चार वर्षांचं एक झाड साध्या वाऱ्यात आडवं झालं. वादळ नाही, पाऊस नाही, संध्याकाळी नेहमी सुटतो तसा वारा. झाड पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पोचलं होतं, खाली दोन स्कूटर मावतील एवढी सावलीही पडायला लागली होती. लोक म्हणाले जातच तसली, मुळं कच्ची असतात. मी वाकून बघितलं तर मुळांचा गोळा अजूनही पिशवीच्याच आकाराचा, सगळी मुळं आतल्या आत सुंभाच्या वेटोळ्यासारखी फिरलेली, आणि एका बाजूला काळ्या प्लॅस्टिकचा तुकडा तसाच चिकटलेला. लावताना पिशवी फक्त खालून फाडली होती आणि ती फाडणारा मीच होतो, त्यामुळे जातीला दोष देऊन मोकळं होणं काही जमलं नाही.

तेव्हापासून बरीच झाडं लावली, काही घालवलीही, त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. शहरात झाड मरतं ते शक्यतो जमिनीच्या पातळीला, म्हणजे बुंधा मातीत शिरतो त्या वीतभर जागेत. वरचा हिरवा भाग सगळे बघतात, ही जागा कोणी बघत नाही.

रोप आणण्याआधी जागा बघा

सावली नक्की कुठे हवीय ते आधी ठरवा. दुपारी तीन-चारला जिथे उभं राहवत नाही अशा जागा शोधा: पश्चिमेकडची भिंत, पार्किंग, बसस्टॉप, मुलं खेळतात तो सिमेंटचा तुकडा. सावलीतला पृष्ठभाग भर उन्हातल्या पृष्ठभागापेक्षा 11 ते 25 अंश सेल्सिअसने थंड राहू शकतो. म्हणजे सावली भिंतीवर किंवा डांबरावर पडली तर तिचा खरा उपयोग, नुसती गवतावर पडून फारसा फायदा नाही. सकाळ-संध्याकाळचं ऊन तिरकं येतं म्हणून घराच्या पूर्वेला आणि त्याहूनही पश्चिमेला लावलेलं झाड जास्त कामाचं.

मग वर बघा. विजेच्या तारा असतील तर खाली मोठं होणारं झाड लावायचंच नाही, लावलंत तर दरवर्षी त्याचं मधोमध मुंडकं उडवलं जाणार आणि ते इंग्रजी व्ही अक्षरासारखं उभं राहणार. तारांखाली 6-7 मीटरच्या आत थांबणारी जात घ्या. मग खाली बघा, ड्रेनेजचं चेंबर, पाण्याची लाईन, गॅसची पाईप, केबल. पाईप कुठून जाते हे वस्तीतल्या जुन्या प्लंबरला नकाशापेक्षा जास्त माहीत असतं, त्याला विचारा, आणि संबंधित खात्याकडूनही खात्री करून घ्या. मोठं झाड भिंतीपासून निदान 6 मीटर लांब हवं, दिव्याच्या खांबापासून 4-5 मीटर, आणि कोपऱ्यावर तर गाडीवाल्याला समोरचं दिसेल एवढी जागा सोडून. जागा सार्वजनिक असेल तर परवानगीही आत्ताच काढा, झाड लावून झाल्यावर काढायला लागलात तर मधल्या मधे झाडच जातं.

जागा आवडली तरी पाणी मुरतं का ते बघायचं राहिलं. सोपी टेस्ट आहे. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, मुरू द्या, परत भरा, आणि दुसऱ्या वेळी तासाभरात पातळी किती उतरली ते पट्टीने मोजा. तासाला 2.5 सेंमीपेक्षा कमी उतरली तर निचरा खराब आहे, तिथे पाण्यात तग धरणारी जात लावा नाहीतर थोडा उंचवटा करून त्यावर लावा. खड्ड्याच्या तळाला खडी टाकली की निचरा सुधारतो असं बरेच लोक छातीठोक सांगतात. सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या खडीत सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण चिंब होईपर्यंत ते तिथेच लटकून राहतं, म्हणजे मुळं उलट जास्त ओलीत बसतात.

आणि मातीची जागा किती आहे? हा सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न. मोठ्या झाडाला आयुष्यभरासाठी ढोबळमानाने 30 घनमीटर माती लागते, म्हणजे मीटरभर खोली धरली तर साडेपाच बाय साडेपाच मीटरचा तुकडा. फुटपाथवर आपण देतो एक बाय एकचा चौकोन. त्यात मोठं झाड कुंडीतल्यासारखं जगतं, आणि मग ते फरशा उचलतं तेव्हा आपण झाडालाच शिव्या घालतो. जागा कमी असेल तर एकट्या चौकोनाऐवजी दोन-तीन झाडांना मिळून एक लांब पट्टा उघडा ठेवा, माती वाटून घेतात ती. नवीन फुटपाथ होणार असेल तर आधीच भांडा. स्टॉकहोममध्ये फुटपाथखाली मोठे दगड दाबून बसवतात आणि त्यांच्या फटींत माती आणि बायोचार (लाकूड-पाल्यापासून केलेला कोळसा) भरतात, वरचं वजन दगड पेलतात आणि मुळं फटींतून पसरतात. इतकं नाही जमलं तरी पेव्हर ब्लॉक बुंध्याला चिकटवू नका एवढं तरी करून घ्या.

जात कुठली?

यावर भांडणं होतात. लवकर वाढणारं पाहिजे, फुलणारं पाहिजे, कचरा न करणारं पाहिजे. पाने न गाळणारं झाड अजून मला भेटलं नाही. सदाहरित झाडं पण पानं गाळतात, थोडी थोडी वर्षभर. मी एवढंच बघतो की त्या हवामानात आपोआप जगणारी, शक्यतो स्थानिक जात असावी, पूर्ण वाढल्यावर त्या जागेत मावावी, आणि लाकूड फार ठिसूळ नसावं. भराभर वाढणाऱ्या झाडांचं लाकूड पुष्कळदा ठिसूळ निघतं, दहा वर्षांत मस्त सावली आणि अकराव्या वर्षी गाडीवर फांदी. वड-पिंपळ अफाट झाडं आहेत पण त्यांना मैदान पाहिजे, ड्रेनेजच्या लाईनवर नको.

सगळी एकाच जातीची लावू नका. रस्ता एकसारखा दिसतो हे खरं, फोटो छान येतो. अमेरिकेतल्या शहरांनी हेच केलं होतं, रस्तेच्या रस्ते एल्मचे. 1930 मध्ये तिथे एल्मला मारणारा बुरशीचा रोग सापडला, सालीतले भुंगेरे तो या झाडावरून त्या झाडावर नेत होते, आणि शेजारच्या झाडांची मुळं जमिनीखाली एकमेकांना जुळलेली असल्याने त्यातूनही तो पुढे जात होता. रांगाच्या रांगा गेल्या. गंमत म्हणजे (गंमत कसली) त्या जागी बऱ्याच शहरांनी अ‍ॅश लावले, परत रांगेत, आणि 2002 मध्ये मिशिगनमध्ये अ‍ॅश पोखरणारा हिरवा किडा सापडला, त्याने कोट्यवधी अ‍ॅश मारले. फ्रँक सॅन्टामूर नावाच्या अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञाने 1990 मध्ये साधा हिशोब मांडला होता: एका जातीची झाडं 10 टक्क्यांच्या वर नको, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) 20 च्या वर नको, एका कुळाची 30 च्या वर नको. गल्लीत वीस झाडं लावणार असाल तर एका जातीची दोन, बस्स.

रोप निवडताना

मोठं रोप घेतलं की लवकर सावली मिळेल असं वाटतं. पण मोठ्या रोपाची मुळं काढताना जास्त तुटतात, ते दोन-तीन वर्षं नुसतं उभं राहतं आणि तेवढ्यात छोटं रोप त्याला गाठतं. दीड-दोन मीटर उंच, अंगठ्याएवढ्या खोडाचं रोप मला बरं वाटतं. शेंडा एकच आणि शाबूत असावा, खोड खाली जाड आणि वर बारीक होत गेलेलं असावं, काठी सोडल्यावर स्वतःच्या पायावर उभं राहावं. पिशवीच्या भोकांतून मुळं बाहेर आली असतील किंवा वरच्या मातीत गोल फिरलेली दिसत असतील तर ते परत ठेवा, कितीही हिरवंगार असू दे. आणि उचलताना पिशवीला धरून उचला, खोडाला धरून लोंबकळवत आणू नका.

आता मान

खोड जिथे मातीत शिरतं तिथे ते खाली फाकत जातं, बाटलीची मान बुडाकडे रुंद होते तसं, आणि तिथूनच पहिली जाड मुळं निघतात. मी त्याला झाडाची मान म्हणतो. ही मान उघडी राहायला पाहिजे. पिशव्यांमध्ये रोपं भरताना वरून माती पडत जाते आणि कित्येक रोपांत मान आधीच चार-पाच बोटं खाली गेलेली असते. म्हणजे पिशवीतल्या मातीची वरची पातळी जमिनीच्या पातळीला लावली की काम झालं, असं समजायचं नाही. बोटाने खोडालगतची माती उकरा, पहिलं जाड मूळ लागेपर्यंत, आणि त्याच्या वरची माती काढून टाका. वरवरची केसांसारखी मुळं लागली तर ती कापली तरी चालतात. मान गाडली गेली की खोडाची साल कायम ओली राहते, कुजते, आणि नवी मुळं वर येऊन खोडाभोवतीच फेरा घालतात, पुढे दहा-पंधरा वर्षांनी तेच मूळ खोडाला फास लावतं. वीजेच्या खांबासारखं सरळसोट जमिनीत घुसलेलं झाड दिसलं की समजायचं मान गाडलेली आहे.

खड्डा आणि लावणी

पावसाच्या सुरुवातीला लावा, जिथे थंडी कडक असते तिथे पानगळ झाल्यावर. दिवस ढगाळ असेल तर उत्तम, नाहीतर संध्याकाळी.

खड्डा रुंद हवा, खोल नको. रुंदी मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि खोली गोळ्याच्या उंचीएवढीच, थोडी कमी चालेल, जास्त अजिबात नाही. खोल खणून परत माती भरलीत तर ती माती नंतर बसते आणि झाड तिच्याबरोबर खाली जातं, मान परत गाडली. झाडाची बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दोन फुटांतच असतात आणि आडवी पसरतात, पार फांद्यांच्या घेराच्या बाहेर, म्हणून रुंदी महत्त्वाची. चिकणमाती असेल तर फावड्याने खड्ड्याच्या कडा गुळगुळीत होतात, मातीच्या माठासारख्या, त्या पहारीने ओरबाडून खडबडीत करा म्हणजे मुळं बाहेर शिरतील.

पिशवी पूर्ण काढायची. पूर्ण म्हणजे पूर्ण, बाजूची पण, तळाची पण (हे कोण सांगतंय ते आठवा). गोळ्याच्या बाहेरच्या अंगाला फिरलेली मुळं धारदार सुरीने कापा, चार बाजूंनी उभे चिरे द्या आणि तळाचं वेटोळं उडवा. पहिल्यांदा करताना हात थरथरतो, वाटतं आपण मारतोय त्याला. मरत नाही. न कापलेली मुळं तशीच गोल वाढत राहतात, सरळ होत नाहीत कधी.

गोळा ठेवल्यावर खड्ड्यावर आडवी काठी टाकून बघा, मान त्या काठीच्या पातळीला किंवा दोन-तीन सेंमी वर पाहिजे. लांब जाऊन दोन बाजूंनी बघा, सरळ उभं आहे का. मग तीच निघालेली माती परत भरा. खड्डाभर शेणखत किंवा रासायनिक खत भरू नका, मुळं त्या लाडाच्या मातीतच घुटमळतात, आणि खत कुजत जातं तसं झाड खाली बसत जातं. पण शहरात खणलं की माती कमी आणि राडारोडा जास्त, विटांचे तुकडे, सिमेंट, टाईल्स, पिशव्या. तो काढायलाच लागतो आणि तिथे बाहेरून चांगली माती आणायला लागते, ती जमेल तेवढ्या रुंद भागात पसरा, नुसती खड्ड्यापुरती नको. अर्धी माती भरली की पाणी ओता म्हणजे पोकळ्या बसतील, मग उरलेली भरा, आणि पायाने थयथया नाचून दाबू नका.

काठी, आच्छादन, पाणी

रोप आपलं आपण उभं राहत असेल तर काठी लावूच नका. वाऱ्यात हललं की खोड जाड होतं, आवळून बांधलेलं रोप नुसतंच उंच होतं. लागलीच तर दोन बाजूंना दोन काठ्या, मुळांच्या गोळ्याच्या बाहेर रोवलेल्या, आणि खोडाच्या खालच्या अर्ध्यात रुंद मऊ पट्टा, सायकलची जुनी ट्यूब चालते, थोडी ढिली. सुतळी नको, तार तर नकोच नको. एका झाडातून मी तार काढली होती, काढली कसली, कापून जेवढी निघाली तेवढी, बाकीची खोडाने गिळली होती आणि त्या रेषेच्या वर खोड फुगलेलं होतं. वर्षभराने काठी काढायची ही तारीख मोबाईलमध्ये आजच टाका. ट्री गार्डचंही तेच, लोखंडी पिंजरा खोडाला टेकायच्या आत काढायचा असतो, पण त्यावर कोणाचं तरी नाव रंगवलेलं असतं म्हणून तो काढत नाहीत.

मुळांवर वाळलेला पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा-तुकडे 5 ते 10 सेंमी जाड पसरा, जेवढा रुंद जमेल तेवढा. खोडापासून मात्र वीतभर लांब. खोडाला टेकवून डोंगर रचला तर परत मान गाडलीत. पाचोळा जाळायचा नाही, तोच वापरायचा, ओल टिकते, गवत कमी येतं आणि गवत कापायचं मशीन खोडाजवळ न्यायची गरज पडत नाही. त्या मशीनची दोरी कोवळ्या खोडाची साल चारी बाजूंनी सोलते आणि झाड उभ्या उभ्या वाळतं, वर काहीच झालेलं दिसत नाही.

पाणी. नवी झाडं पाण्यावाचूनही पुष्कळ मरतात, आणि तीही कितीदा तरी पहिल्या नाही, दुसऱ्या उन्हाळ्यात मरतात, जेव्हा उत्साह ओसरलेला असतो. पहिले दोन-तीन आठवडे एक-दोन दिवसाआड आणि थेट गोळ्यावर, कारण मुळं अजून बाहेर आलेली नसतात, बाजूची माती ओली असली तरी गोळा कोरडा असू शकतो. त्यानंतर पाऊस नसेल तेव्हा खोडाच्या दर 2.5 सेंमी जाडीमागे आठवड्याला साधारण 35-40 लिटर, दोन-तीन वेळांत वाटून. रोज मगभर शिंपडण्यापेक्षा हे कितीतरी बरं, मुळं खाली उतरतात. पण आंधळेपणाने ओतत बसू नका, चार बोटं खोल बोट घालून बघा, चिखल लागला तर आज सुट्टी. जास्त पाण्याने पण पानं पिवळी पडून गळतात आणि लोक अजून पाणी घालतात. पाईप जात नसेल तिथे जुन्या बादलीला तळाशी दोन बारीक भोकं पाडून ती झाडाशेजारी ठेवायची आणि भरायची, अर्ध्या तासात हळूहळू मुरतं. आळं सुरुवातीला गोळ्याएवढं, पुढच्या वर्षी रुंद करायचं, कारण मुळं बाहेर गेलेली असतात आणि आपण अजून खोडालाच पाणी पाजत असतो.

हे तीन वर्षं चालायला पाहिजे, म्हणून वस्तीत झाडं लावताना आकडा पाण्यावरून ठरवा. कोणाच्या घरचा नळ, कोणाचा वार, गावाला गेलं तर बदली कोण. एका घराला दोन झाडं यापेक्षा जास्त झेपत नाहीत. आमच्याकडे जिन्यात एक वही टांगलेली होती, पाणी घातलं की सही. थोडं शाळेसारखं वाटायचं पण ज्या वर्षी वही बंद झाली त्या वर्षी पाच झाडं गेली, म्हणून ती परत टांगली.

छाटणी

पहिल्या वर्षी फक्त मेलेल्या आणि मोडलेल्या फांद्या काढा. बाकी पानं राहू द्या, मुळं वाढवायला अन्न तिथूनच येतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून शेंडा एकच राहील असं बघा, दोन सारखे जाड शेंडे अरुंद कोनात वर जात असतील तर एक आखूड करा, कारण त्या बेचक्यात साल दबली जाते आणि मोठेपणी झाड नेमकं तिथेच उभं फाटतं. खालच्या फांद्या लगेच सगळ्या उडवू नका, त्या खोड जाड करतात, रस्त्यात आल्या तर आखूड करा आणि हळूहळू वर सरकत जा. चालणाऱ्यासाठी अडीच मीटर आणि गाड्यांसाठी साडेचार मीटर मोकळं राहिलं की झालं. एका वेळी पाव भागाच्या वर हिरवं काढायचं नाही.

काप कुठे द्यायचा? फांदी खोडाला मिळते तिथे सुजल्यासारखी एक कॉलर असते. काप तिच्या बाहेर, कॉलर शाबूत ठेवून, पण खुंटही लांब न ठेवता. पूर्वी अगदी खोडाला घासून सपाट कापायचे. अ‍ॅलेक्स शायगो या अमेरिकेच्या वनखात्यातल्या शास्त्रज्ञाने हजारो झाडं चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही, झाड कुजका भाग आतून भिंती घालून कोंडतं आणि वरून नवीन लाकडाने झाकतं. सपाट काप दिला की ती भिंत घालायची जागाच आपण कापून टाकतो. जखमेवर डांबर किंवा रंग फासायची पण गरज नाही. फांदी जड असेल तर आधी थोडं पुढे खालून एक काप, मग त्याच्या पुढे वरून दुसरा म्हणजे वजन पडून जाईल, आणि मग कॉलरपाशी शेवटचा. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल फराफरा सोलत नेते. शिडीवर चढून करवत चालवायची वेळ आली किंवा जवळ तारा असतील तर माणूस बोलवा, हे घरगुती काम नाही.

झाडाचा माथा सपाट उडवणे याला छाटणी म्हणू नका. त्यातून झाडूसारखे भाराभर फुटवे येतात, ते वरवर चिकटलेले असतात, आणि काही वर्षांत तेच जड होऊन तुटतात.

झाड मोठं झाल्यावर

आता धोका खोदकामाचा. केबलवाले येतात, फूटभर रुंद चर झाडाच्या अगदी जवळून मारतात, आणि मुळं कुऱ्हाडीने तोडून दुसऱ्या दिवशी छान बुजवून जातात. झाड वरून हिरवंच राहतं, दोन-तीन वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं आणि तोपर्यंत चर कोणी मारला ते कोणाला आठवत नाही. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा आणि त्याला बारा-तेराने गुणा, ढोबळमानाने तेवढ्या अंतरात खोदू द्यायचं नाही. 40 सेंमीच्या खोडाला म्हणजे चहूबाजूंनी जवळजवळ 5 मीटर. शहरात एवढं मिळत नाही हे मलाही माहितीय, पण तिथून सुरू केलं तर निदान दोन-तीन मीटरवर तडजोड होते. अगदीच जायचं असेल तर मुळांच्या खालून आडवा बोगदा मारून पाईप नेता येते. बांधकामाची वाळू, सिमेंटच्या गोण्या, गाड्या मुळांवर नकोत, माती दाबली की हवा जात नाही. आणि बाग सुंदर करायच्या नादात बुंध्याभोवती कट्टा बांधून त्यात माती भरणं, हा प्रकार तर सगळीकडे. मोठ्या मुळांवर अर्धा फूट माती चढवली तरी झाड गुदमरू शकतं. खिळे, बोर्ड, वर्षभर गुंडाळलेल्या लाईटच्या माळा, याबद्दल वेगळं लिहीत नाही.

वर्षातून एकदा, वादळी दिवसांच्या आधी, प्रत्येक झाडाभोवती एक फेरी मारा. बुंध्याशी अळंबी उगवलीय का, एका बाजूला जमिनीला भेग पडून माती उचलल्यासारखी दिसते का, बेचक्यात चीर आहे का, वर मोठी वाळकी फांदी अडकलीय का. ढोली दिसली म्हणून लगेच तोडायला धावू नका, पोकळ झाडं वर्षानुवर्षं उभी राहतात, बाहेरची भिंत किती जाड आणि शाबूत आहे त्यावर सगळं असतं आणि ते जाणकाराने ठरवायचं. कललेलं झाडही घाबरण्यासारखं असतंच असं नाही, लहानपणापासून कललेलं झाड त्याप्रमाणे मुळं धरतं. नव्याने कललेलं मात्र धोक्याचं, आणि हे डोळ्यांना कळत नाही कारण आपण रोज बघतो. म्हणून दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी उभं राहून एक फोटो काढायचा, मागे इमारतीचा एखादा उभा कोपरा येईल असा, आणि मागच्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवून बघायचा.